चटई जरा तिरकी गुंडाळा

एका वाचकानं विचारलंय, ‘ग्राफीनचं नोबेल चिकटपट्टीनं मिळालं म्हणतात, ते खरं का?’ खरंच आहे. गाइम आणि नोव्होसेलोव यांनी ग्राफाइटचे पापुद्रे चिकटपट्टीनं सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा थर काढला, तोच ग्राफीन. ते 2004 साली. नोबेल 2010 मध्ये. गोष्ट गमतीदार, म्हणून सगळे तीच सांगतात. मला मात्र भौतिकशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस आठवतात.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, स्थलांतरितांच्या गरीब घरात वाढलेली ही मुलगी शाळामास्तरीण होणार होती. हंटर कॉलेजात रोझालिन यॅलो (पुढे त्यांनाही नोबेल मिळालं) शिकवायला होत्या, त्यांनी तिला भौतिकशास्त्रात ओढलं. शिकागोत 1958 मध्ये पीएचडी, मग लिंकन लॅबोरेटरीत नोकरी. तिथे सकाळी आठला हजेरी. घरात चार लहान मुलं. उशीर ठरलेला आणि बोलणीही.

संशोधनाला त्यांनी ग्राफाइट घेतलं, कारण ते फारसं कुणी घेत नव्हतं. मूल तापानं फणफणलं आणि आठवडाभर काम पडून राहिलं, तरी कुणी पुढे निघून जाणार नाही, असा रोकडा हिशेब! एमआयटीत 1967 मध्ये पाहुण्या म्हणून गेल्या आणि वर्षभरात कायमच्या प्राध्यापक झाल्या.

सुमिओ इजिमा यांनी 1991 मध्ये कार्बनच्या नॅनोनळ्या दाखवल्या, तेव्हा या बाईंकडे ग्राफाइटचा तीस वर्षांचा अभ्यास तयार होता. अशी नळी म्हणजे ग्राफाइटचा एक थर गुंडाळलेला. चटई घ्या. सरळ गुंडाळली तर वीण सरळ राहते. जरा तिरकी गुंडाळली की तीच वीण मळसूत्रासारखी चढत जाते. चटईचं त्यानं काही बिघडत नाही. कार्बनच्या षटकोनी जाळीचं मात्र सगळं बदलतं. एका तिरपेपणाची नळी धातूसारखी वीज वाहून नेते, दुसऱ्याची अर्धवाहक होते. भेसळ काही नाही, फरक फक्त गुंडाळण्याचा. ड्रेसेलहाउस आणि सहकाऱ्यांनी हे 1992 मध्ये कागदावर मांडलं (त्याच सुमारास आणखी दोन गटांनीही). सगळ्या शक्यतांपैकी एक-तृतीयांश नळ्या धातूसारख्या निघतात. चिपमध्ये आता या नळ्याच, ‘सिलिकॉनचे दिवस भरले’ म्हणणारे मथळे इथेच अडखळले: नळ्या बनतात त्या सरमिसळ, आणि निवडणं महाकठीण.

नॅनोविज्ञानाचं काव्हली पारितोषिक 2012 मध्ये त्यांना एकटीला मिळालं. नोबेल मिळालं नाही आणि आता मिळणारही नाही. ते मरणोत्तर देत नाहीत. फेब्रुवारी 2017 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी त्या गेल्या.