अध्यक्षांचें आसन

राजकारणांत आम्ही कोणत्या पक्षाचे, असें कोणी विचारलें तर आमच्या घरांतील मंडळी हंसून उत्तर देतात कीं, हे जुन्या वळणाचे आहेत. तें उत्तर आम्हांस मान्य आहे. वाडवडिलांनीं उभी केलेली संस्था पाडण्यापूर्वीं तिची डागडुजी करून पाहावी, आणि लेखी नियमापेक्षां अंगवळणीं पडलेला रिवाज अधिक काळ टिकतो, एवढेंच काय तें आमचें राजकारण. परंतु सन २०२५ च्या गणेशोत्सवांत घरीं जमलेल्या मंडळींत जो वाद झाला, त्यांत आमच्या या मताची बरीच ओढाताण झाली. म्हणून तो विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

वादास निमित्त झालें तें सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचें. तेलंगणांतील दहा आमदारांनीं पक्ष सोडल्याबद्दल त्यांस अपात्र ठरवावें, असे अर्ज तेथील विधानसभेच्या अध्यक्षांपुढें पडून होते. ते तीन महिन्यांच्या आंत निकालांत काढावे, असा आदेश न्यायालयानें ३१ जुलै २०२५ रोजीं दिला, आणि असे खटले अध्यक्षांच्या हातीं ठेवण्याची व्यवस्था कितपत सफल झाली आहे याचा संसदेनें विचार करावा, असेंही सुचविलें. आमची धाकटी पुतणी जिल्हा न्यायालयांत वकिली करते. आरती आटोपून मंडळी पानांवर बसल्यावर ती म्हणाली, "काका, एका संघाच्या कप्तानाच्याच हातीं शिट्टी द्यायची आणि मग ती वाजत नाहीं म्हणून रडायचें, हें कशाला? काढून घ्या तें काम त्यांच्याकडून आणि द्या एखाद्या न्यायाधीशाकडे."

आम्ही तेव्हां तिला स्पष्ट विरोध केला. तिला पंचाची उपमा सहज सुचली असेल; पण ती आम्हांस कां झोंबली, हें पुढें सांगूं.

आमचें म्हणणें असें कीं, सभेचा अध्यक्ष निःपक्षपाती असूं शकतो, आणि याला इतिहासाची साक्ष आहे. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स ४ जानेवारी १६४२ रोजीं शिपाई घेऊन कॉमन्स सभेवर चालून गेला. पांच सभासदांस पकडावयाचें होतें. ते कोठें आहेत, असें त्यानें अध्यक्ष लेन्थॉल यांस विचारलें. लेन्थॉल कांहीं मोठा वीर पुरुष नव्हता. त्यानें गुडघे टेकले. पण उत्तर दिलें तें असें कीं, या जागेवर बसलों असतां सभा सांगेल तेवढेंच पाहण्यास मला डोळे आहेत व सभा सांगेल तेवढेंच बोलण्यास जीभ आहे. राजास हात हलवीत परत जावें लागलें. पुढें त्या देशांत असा रिवाज पडत गेला कीं, अध्यक्ष झालेल्या माणसानें आपला पक्ष सोडावा, आणि निवडणुकींत मोठ्या पक्षांनीं बहुधा त्याच्याविरुद्ध उमेदवार उभा करूं नये. समसमान मतें पडलीं तर अध्यक्षानें आपलें निर्णायक मत चालू स्थिति न मोडेल अशाच बाजूनें द्यावें, हाही तेथील रिवाजच. युरोपीय संघांतून बाहेर पडण्याच्या प्रश्नावर सारा देश दुभंगला असतां, ३ एप्रिल २०१९ रोजीं कॉमन्स सभेंत ३१० विरुद्ध ३१० अशीं मतें पडलीं. त्या वेळचे अध्यक्ष बर्को यांच्यावर हुजूर पक्षाचा पक्षपाताचा आरोप होता. तरी त्यांनीं जुन्या पायंड्यास स्मरून ठरावाच्या विरुद्ध मत दिलें, आणि त्याबद्दल कोणीं ब्रहि काढला नाहीं. हेच बर्को निवृत्तीनंतर २०२१ सालीं मजूर पक्षांत गेले, हें मात्र आम्हांस रुचलें नाहीं. त्यांच्या मागून आलेल्या हॉईल यांनीं २१ फेब्रुवारी २०२४ रोजीं गाझावरील चर्चेंत रिवाज सोडून मजूर पक्षाची उपसूचना घेतली, तेव्हां सभेंत गदारोळ झाला व त्यांनीं त्याच दिवशीं आसनावरून क्षमा मागितली. रिवाज तेथेंही मोडतो. पण मोडला म्हणजे मोडणारास लाज वाटते, एवढा तरी तो जिवंत आहे.

अमेरिकेची तऱ्हा अगदीं निराळी. तेथें प्रतिनिधिसभेचा अध्यक्ष हा उघड उघड बहुमतवाल्या पक्षाचा पुढारीच असतो. जानेवारी २०२३ मध्यें मॅकार्थी यांस निवडून येण्यास मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२३ रोजीं २१६ विरुद्ध २१० मतांनीं त्यांस खालीं ओढण्यांत आलें. त्यांत त्यांच्याच पक्षाचे आठ सभासद होते. असा प्रकार त्या देशाच्या इतिहासांत प्रथमच झाला. तें कसेंही असो. त्या लोकांनीं आपल्या अध्यक्षास कोणाच्या पक्षांतराचा न्याय करावयास बसविलेलें नाहीं.

आपल्याकडे आरंभ चांगला झाला होता, हें तरुण मंडळींस मुद्दाम सांगावेंसें वाटतें. सन १९२५ मध्यें विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष निवडून आले, आणि त्यांनीं आपल्या पक्षाशीं संबंध सोडला. सन १९५२ मध्यें पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदासाठीं गणेश वासुदेव मावळंकर व आपल्या महाराष्ट्रांतील शंकरराव मोरे यांच्यांत लढत झाली. मावळंकरांस ३९४ व मोऱ्यांस ५५ मतें पडलीं. लढत तर झाली. पण मतदानापूर्वीं शंकररावांनीं सभागृहांत सांगितलें कीं, संसदीय रिवाजास अनुसरून आपण आपलें मत प्रतिस्पर्ध्यास देत आहों! सन १९६७ मध्यें नीलम संजीव रेड्डी यांनीं अध्यक्ष होतांच काँग्रेस सोडली. (दोनच वर्षांनीं ते राष्ट्रपतिपदासाठीं काँग्रेसचेच उमेदवार झाले, ही गोष्ट निराळी.) आणि २००८ सालीं सोमनाथ चटर्जी यांस त्यांच्या पक्षानें अध्यक्षपद सोडण्यास सांगितलें असतां ते बधले नाहींत, पक्षानें त्यांस काढून टाकलें, पण त्यांनीं आसन सोडलें नाहीं. आम्ही त्यांच्या मतांचे कधींच नव्हतों. पण त्या दिवशीं आमच्या घरांत त्यांचें नांव आदरानें निघालें.

मग बिघडलें कोठें? आमच्या मतें, रिवाज रुजण्यापूर्वींच त्याच्यावर मोठें ओझें लादलें गेलें. सन १९६७ मध्यें हरियाणांतील गयालाल नांवाच्या आमदारानें पंधरवड्यांत तीनदां पक्ष बदलला, व 'आयाराम गयाराम' हा शब्द देशास मिळाला. महाराष्ट्रानेंही १९७८ सालीं एक सरकार आंतून फुटून पडलेलें पाहिलें. शेवटीं १९८५ मध्यें घटनेस दहावें परिशिष्ट जोडण्यांत आलें आणि पक्षांतर करणारास अपात्र ठरविण्याचें काम सभागृहाच्या अध्यक्षांकडे सोंपविण्यांत आलें. सर्वोच्च न्यायालयानें १९९२ सालीं तिघां विरुद्ध दोघां न्यायमूर्तींच्या मतानें ही व्यवस्था उचलून धरली. अध्यक्षपद थोर आहे, त्यावर विश्वास ठेवावा, असें तिघांचें म्हणणें; ज्याचें आसनच बहुमताच्या मर्जीवर अवलंबून आहे तो या कामीं तटस्थ राहील असें मानतां येत नाहीं, असें दोघांचें. त्या वेळीं आम्ही हें वाचलें असतें तर तिघांच्या बाजूस गेलों असतों.

आतां महाराष्ट्राची कथा. ही सांगतांना आमच्या घरांतील दोन्ही बाजूंचीं माणसें रुष्ट होतात, म्हणून ती तारखांसह सांगतों. ४ फेब्रुवारी २०२१ रोजीं विधानसभेच्या अध्यक्षांनीं आपल्या पक्षाचें प्रांताध्यक्षपद स्वीकारण्यासाठीं राजीनामा दिला. म्हणजे त्यांच्या लेखीं पक्षाची खुर्ची सभागृहाच्या आसनापेक्षां मोठी ठरली. त्यानंतर सतरा महिने तें आसन रिकामें राहिलें. सरकारनें गुप्त मतदानाचा नियम बदलला, राज्यपालांनीं निवडणुकीची तारीख दिली नाहीं, आणि दोघांसही कांहीं घाई नव्हती. जून २०२२ मध्यें सत्ताधारी पक्ष फुटला तेव्हां अपात्रतेच्या नोटिसा काढण्यास उपाध्यक्ष तेवढे होते, आणि त्यांच्याच विरुद्ध अविश्वासाची नोटीस आलेली. सरकार गेलें, दुसरें आलें, आणि ३ जुलै २०२२ रोजीं १६४ विरुद्ध १०७ मतांनीं नवे अध्यक्ष निवडले गेले. सर्वोच्च न्यायालयानें ११ मे २०२३ रोजीं निकाल दिला: राज्यपालांचें पाऊल चुकलें, अध्यक्षांनीं फुटलेल्या गटाच्या प्रतोदास दिलेली मान्यता बेकायदा होती, परंतु मुख्यमंत्र्यांनीं विश्वासदर्शक ठरावास सामोरे न जातां राजीनामा दिला असल्यामुळें पूर्वींचें सरकार परत आणतां येत नाहीं, आणि अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांनींच योग्य मुदतींत सोडवावा. ही योग्य मुदत संपतां संपेना. न्यायालयानें प्रथम ३१ डिसेंबर २०२३ ही व मग १० जानेवारी २०२४ ही तारीख घालून दिली. त्या दिवशीं निकाल लागला तो असा कीं, उभय बाजूंचा एकही आमदार अपात्र नाहीं. पुढच्याच महिन्यांत दुसऱ्या एका फुटलेल्या पक्षाच्या बाबतींतही तसेंच झालें.

हे निकाल बरोबर कीं चूक, हें ठरविण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्हांस खुपतें तें दुसरेंच. निकाल काय लागणार हें आमच्या आळींतील पानवाल्यासही आधीं ठाऊक होतें. ज्या न्यायासनाचा निकाल पानवाला सांगूं शकतो, त्याची प्रतिष्ठा कायद्यानें कशी राखावी? आणि दोष एकट्या मुंबईचा नव्हे. २०१९ ते २०२४ या संबंध मुदतींत लोकसभेस उपाध्यक्षच नव्हता. तें पद विरोधी पक्षास देण्याचा चांगला पायंडा पडत आला होता, तो वाऱ्यावर गेला. त्यांतूनच २६ जून २०२४ रोजीं लोकसभेच्या अध्यक्षपदासाठीं १९७६ नंतर प्रथम उमेदवारास उमेदवार उभा राहिला.

हें सारें आम्ही त्या रात्रीं सांगितलें, आणि न्यायाधीश आणून बसविण्यापेक्षां रिवाज पुन्हां रुजवावा, असा शेवट केला. पुतणी ऐकत होती. मग म्हणाली, "काका, रुजवणार कोण?"

येथें आमची एक जुनी गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आम्ही शिक्षक असतांना तालुक्याच्या खोखोच्या सामन्यांत बाहेरगांवचे पंच एस. टी. चुकल्यामुळें आले नाहींत, व शिट्टी आमच्या हातीं आली. सामना आमच्याच शाळेचा. शेवटच्या मिनिटांत आमच्या पळणाऱ्या मुलाच्या पाठीस समोरच्या मुलाचा हात लागलेला आम्हीं डोळ्यांनीं पाहिला. शिट्टी वाजविली नाहीं. कोणी तक्रार केली नाहीं. आम्ही गुरुजी, आमचा शब्द प्रमाण. सामना जिंकला, पेढे वांटले गेले. आमचा तो मुलगा मात्र मैदानांतून जातांना आमच्याकडे पाहून हंसला. तें हंसणें आम्ही अद्याप विसरलों नाहीं. त्या दिवशीं आम्ही कोणत्याही पक्षाचे नव्हतों, आम्हांस मंत्रिपद मिळावयाचें नव्हतें, आमचें आसन कोणाच्या बहुमतावर टिकून नव्हतें. तरी हात वर गेला नाहीं.

हें आम्हीं घरांत कोणास सांगितलें नव्हतें. त्या रात्रींही सांगितलें नाहीं. त्याऐवजीं महाभारतांतील प्रह्लादाची कथा सांगितली. द्यूतसभेंत द्रौपदीच्या प्रश्नाला कोणी उत्तर देईना, तेव्हां विदुरानें ती सांगितली आहे. प्रह्लादाचा पुत्र विरोचन व अंगिरसाचा पुत्र सुधन्वा यांच्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद पडून दोघांनीं प्राण पणास लावले, आणि न्याय मागण्यास दोघेही प्रह्लादाकडेच आले. प्रह्लादानें निकाल आपल्या पुत्राच्या विरुद्ध दिला. आणि पुत्रस्नेहानें तो ढळला नाहीं म्हणून सुधन्व्यानें विरोचनाचे प्राण त्यास परत दिले. आम्हीं म्हटलें, अध्यक्ष असा असावा.

पुतणीनें संस्कृत आमच्याकडेच शिकलेली. ती म्हणाली, "पण काका, मधली गोष्ट तुम्ही गाळलीत. निकाल देण्यापूर्वीं प्रह्लाद कश्यपाकडे गेला होता."

खरेंच आम्हीं ती गाळली होती. स्वतःच्या पुत्राचा प्रश्न आहे हें ओळखून प्रह्लाद आधीं कश्यपास विचारावयास गेला, आणि कश्यपानें त्यास पापाची वांटणी सांगितली: सभेंत निंद्य गोष्ट घडून तिची निंदा झाली नाहीं तर अर्धें पाप सभेच्या श्रेष्ठाकडे जातें, चतुर्थांश करणाराकडे, आणि चतुर्थांश गप्प बसणाऱ्या सभासदांकडे. करणारापेक्षां श्रेष्ठाचा वांटा दुप्पट! हा हिशेब आम्ही कितीतरी वर्षें वर्गांत शिकविला, पण प्रह्लादास कश्यपाची गरज कां पडली, हें कधीं मनांत आलें नव्हतें.

पुतणीनें मग दाखवून दिलें कीं, असा कश्यप आपल्या घटनेंत आधींच आहे. आमदारानें लाभाचें पद घेतलें किंवा तशाच अन्य कारणानें तो अपात्र झाला काय, हा प्रश्न आला तर १९२ व्या अनुच्छेदाप्रमाणें राज्यपाल निवडणूक आयोगाचें मत घेतात व त्या मताप्रमाणेंच निर्णय देतात. खासदारांच्या बाबतींत १०३ व्या अनुच्छेदान्वयें राष्ट्रपतींचेंही तसेंच. पक्षांतराचे खटलेही याच वाटेनें न्यावे, असें दिनेश गोस्वामी समितीनें १९९० सालींच सुचविलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२० मध्यें मणिपूरच्या खटल्यांत स्वतंत्र न्यायाधिकरण सुचविलें, तें नवें घर बांधणें झालें. ही तर जुन्या घराचीच एक खोली वाढविणें. आम्हांसारख्या डागडुजीवाल्यांस याला हरकत घेतां येईना. अध्यक्षांस सभेचें नियमन करूं द्यावें, सभागृहाचा मान राखूं द्यावा. पण विरोचनाचा खटला आला म्हणजे त्यांनीं कश्यपाकडे जावें, आणि किती दिवसांत जावें हें कायद्यानें लिहून ठेवावें.

एका गोष्टीवर मात्र आमचा हट्ट कायम आहे, व त्यावर पुतणीशीं वाद अजून मिटलेला नाहीं. अध्यक्ष होणारानें त्याच दिवशीं पक्ष सोडावा, आणि आसनावरून उतरल्यावर निदान एक संपूर्ण मुदत मंत्रिपद घेऊं नये. ती म्हणते, असें केल्यास त्या पदासाठीं कोणी मिळावयाचा नाहीं. आम्ही म्हणतों, मिळेल. विसर्जनानंतर ती जिल्ह्याच्या गांवीं परत निघाली, तेव्हां गाडींत बसतां बसतां तिनें विचारलें, "काका, तुम्ही कधीं पंच होतां काय?" आम्हीं होय म्हटलें, आणि पुढच्या गणपतींत सांगेन असें सांगून तिची पिशवी आंत सरकविली.