संगणक सुरू होत नाही तेव्हा हिशेबाचे काय?

भाद्रपद आला की मंदिराच्या कार्यालयातील संगणकावर कामाचा भार वाढतो. पर्युषणातील बोल्या, देणगीच्या पावत्या, स्वामीवात्सल्याचा खर्च, आणि त्यातच ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे लेखापरीक्षण. सार्वजनिक न्यासाच्या लेखापरीक्षणास सहा महिन्यांची मुदत असल्याने ३० सप्टेंबर समोर दिसत असतो. नेमके अशा दिवसांत बटण दाबावे आणि पडदा काळाच राहावा, हा प्रसंग अनेक विश्वस्तांना व घरच्या पेढी सांभाळणाऱ्यांना परिचित आहे.

अशा वेळी घाईने होणारी पहिली चूक म्हणजे ‘संगणक गेला’ आणि ‘हिशेब गेले’ ही दोन वाक्ये एकच मानणे. हिशेब असतो तो हार्ड डिस्कवर किंवा नव्या यंत्रांतील एसएसडीवर. बाकीचे सारे यंत्र बदलले तरी तो सहसा शाबूत राहतो. त्यामुळे दुरुस्तीवाल्याच्या हाती संगणक देण्यापूर्वी एकच गोष्ट स्पष्ट सांगावी, शक्य तर लिहून द्यावी: विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. विंडोज नव्याने घालताना सी ड्राइव्ह पुसला जाऊ शकतो, आणि बहुतेक कार्यालयांत हिशेबाचा फोल्डर तिथेच पडून असतो.

बिघाड कुठे आहे, हे यंत्र स्वतःच बऱ्याच अंशी सांगते. बटण दाबूनही दिवा नाही, पंखा नाही, तर प्रश्न विजेचा होय. भिंतीवरील सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे, एक्स्टेंशन बोर्ड टाळून थेट जोडावे, कॅबिनेटच्या मागील बाजूचा लहान स्विच तपासावा. झाडलोट करताना तो कितीदा तरी बंद होतो. हे सारे ठीक असल्यास संशय एसएमपीएसवर जातो. २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवणारी ही पेटी घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहतो. ती पूर्ण बदलणेच इष्ट.

पंखा फिरतो पण पडद्यावर काही नाही, हा प्रकार पावसाळ्यात विशेष आढळतो. प्रथम मॉनिटरची केबल व त्याचा स्वतंत्र स्विच पाहावा. यंत्र सुरू होताना स्वतःची चाचणी घेते आणि दोष आढळल्यास काही यंत्रे ‘बीप’ असा आवाज करतात. आवाजांचे संकेत कंपनीगणिक भिन्न असतात, तरी वारंवार येणारा लांब बीप पुष्कळदा रॅमकडे बोट दाखवतो. दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. वीज पूर्ण तोडून, धातूच्या वस्तूस हात लावून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी, पट्टी अलगद काढावी, स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावी आणि खटका बसेपर्यंत पुन्हा दाबावी. जाणकारही प्रथम हेच करतात.

कॅबिनेट उघडण्याआधी मात्र एक थांबा हवा. चातुर्मासात उबेच्या शोधात मुंग्या, कोळी, लहान झुरळे आत शिरलेली असतात. दुकानदार थेट ब्लोअर चालवतो. श्रावकाच्या घरी आधी मऊ कुंचल्याने यतनापूर्वक जीव बाजूला करून मगच धूळ काढावी. यंत्रासही हेच मानवते, कारण जोरदार हवेने पंख्याची पाती बेभान फिरतात व बिघडू शकतात.

एक क्षुल्लक वाटणारा भाग म्हणजे मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी, बहुधा सीआर २०३२ क्रमांकाची, ३ व्होल्टची. ती संपली की घड्याळ मागे जाते. परिणामी पावत्यांवर चुकीची तारीख पडते, आणि बँकेचे वा कराचे संकेतस्थळ सुरक्षिततेची तक्रार करून उघडण्यास नकार देते. बॅटरी अल्प किमतीची असते; चुकीच्या तारखेच्या नोंदी दुरुस्त करणे मात्र जिकिरीचे.

पडद्यावर अक्षरे उमटतात पण विंडोज येत नाही, तेव्हा आधी यूएसबीमध्ये राहिलेला पेन ड्राइव्ह काढून पाहावा. यंत्र कधी त्यातूनच सुरू होण्याचा प्रयत्न करते. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर संगणक लगेच बंद करावा. ‘आणखी एकदा पाहू’ म्हणून केलेला प्रत्येक प्रयत्न उरलेली माहिती धोक्यात घालतो. आवाज नसल्यास डिस्क काढून यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकावर लावता येते व हिशेबाचा फोल्डर उतरवून घेता येतो.

नव्या लॅपटॉपमध्ये येथे एक अडसर येतो. अनेकांत बिटलॉकरचे कुलूप आपोआप लागलेले असते, आणि मदरबोर्ड बदलल्यास वा डिस्क दुसरीकडे लावल्यास ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुधा लॅपटॉप प्रथम सुरू करणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आणि ती व्यक्ती म्हणजे तीन वर्षांपूर्वीचा चिटणीस किंवा आता परगावी गेलेला नातू! यंत्र चालू असतानाच ही किल्ली छापून न्यासाच्या कपाटात ठेवावी.

बँकांत दिवसअखेर प्रत घेऊन ती दुसऱ्या इमारतीत ठेवण्याचा दंडक असे. मंदिरासही दोन पेन ड्राइव्ह पुरतात: एक कार्यालयात, दुसरा कोषाध्यक्षांच्या घरी, दर आठवड्यास अदलाबदल. पर्युषणापूर्वी एकदा त्यातील प्रत वेगळ्या संगणकावर उघडून, तेथील शिल्लक रोकडवहीशी जुळते का, हे पाहून घ्यावे.