गोळी अडविणारे कापड

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान होय. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट घेताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते. त्या काळी चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांची गुंफण असे. आजच्या सैनिकांच्या व पोलिसांच्या चिलखतात त्या कड्यांची जागा बऱ्याच अंशी कापडाने घेतली आहे. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्याला कापड नवे नाही. परंतु कापड बंदुकीची गोळी कशी अडविते, हे फारसे कोणाला माहीत नसते. येथील अनेक घरांतील तरुण सैन्यात, निमलष्करी दलांत व पोलीस दलात आहेत. त्या घरांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

धाग्याचे बळ

हे कापड ‘अ‍ॅरॅमिड’ नावाच्या कृत्रिम धाग्याचे असते. अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली केलेल्या संशोधनातून हा धागा निर्माण झाला व पुढे ‘केव्हलर’ या नावाने प्रसिद्धीस आला. त्यातील लांबलचक रेणू धाग्याच्या दिशेने एकमेकांस समांतर, जुडीतील काड्यांप्रमाणे, घट्ट बसलेले असतात. त्यामुळे समान वजनाच्या पोलादाशी तुलना केल्यास हा धागा सुमारे पाचपट बळकट ठरतो.

थरांचे कार्य

व्हॉलीबॉलचा चेंडू जाळीवर आदळला की सगळी जाळी ताणली जाते आणि चेंडूचा वेग जिरतो. कापडावर गोळी आदळली असता असेच घडते. गोळीखाली सापडलेले मोजके उभे व आडवे धागे प्रथम ताणले जातात. हा ताण धाग्यातून सेकंदाला काही किलोमीटर वेगाने दूरवर पसरतो. उभे-आडवे धागे जेथे एकमेकांस ओलांडतात, तेथे तो शेजारच्या धाग्यांकडे वळतो. धागे ताणण्यात, परस्परांवर घासण्यात व तुटण्यात गोळीची शक्ती खर्च होते. शिशाची मऊ गोळी या झटापटीत चपटी होते, तिचा पसारा वाढतो आणि पुढील थरांना ती अडविणे सोपे जाते. एका थराने हे काम होत नाही. म्हणून सर्वसाधारणपणे वीस ते चाळीस थर एकावर एक ठेवतात.

वीण कशी असावी, यालाही महत्त्व आहे. ती फार सैल असल्यास धागे बाजूला सरकतात व गोळी फटीतून निसटते. फार घट्ट असल्यास ताण दूरवर पसरू शकत नाही व धागे एकाच जागी तुटतात.

गोळी अडली तरी तिचा दणका शरीरास बसतोच. म्हणून चाचणीत जाकिटामागे विशिष्ट चिकणमाती ठेवून तिला पडलेला खळगा मोजतात. अमेरिकन मानकानुसार तो ४४ मिलिमीटरहून अधिक खोल असता कामा नये.

मर्यादा

पिस्तुलाची ९ मिलिमीटरची गोळी सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने येते. ए. के. ४७ रायफलीच्या गोळीचा वेग सुमारे ७०० मीटर असतो व तिची शक्ती पहिलीच्या तिपटीच्या आसपास भरते. तिच्या गाभ्यात बहुधा पोलाद असल्याने ती सहजी चपटी होत नाही. अशा गोळीपुढे नुसते कापड टिकत नाही. त्यासाठी जाकिटात कठीण सिरॅमिकची पाटी बसवावी लागते. भारतीय मानक संस्थेने २०१८ साली जाकिटांसाठी आय. एस. १७०५१ हे मानक प्रसिद्ध केले व धोक्याच्या तीव्रतेनुसार स्तर ठरवून दिले. कानपूर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने त्यांपैकी सर्वोच्च, म्हणजे सहाव्या स्तराचे हलके जाकीट तयार केल्याचे २०२४ साली जाहीर झाले.

जाकीट हे सर्व संकटांवरचे कवच नव्हे, हेही ध्यानी घेतले पाहिजे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे मलकापूर व लोणार तालुक्यातील चोरपांग्रा येथील केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या दोन जवानांना वीरमरण आले. तो हल्ला स्फोटकांनी भरलेल्या मोटारीचा होता.

निगा

अ‍ॅरॅमिडचे दोन वैरी आहेत : ऊन व पाणी. उन्हातील अतिनील किरणांनी धागा दुबळा होतो. कापड भिजल्यास धागे एकमेकांवरून सहज घसरतात व गोळी अडविण्याची शक्ती घटते. म्हणून थरांभोवती पाणी न शिरणारे वेष्टन असते. ते फाटू देऊ नये, आतील थर धुऊ नयेत, उन्हात वाळवू नयेत व जाकीट घडी घालून दाबून ठेवू नये. मुदत संपलेले जाकीट वरून नव्यासारखे दिसले तरी वापरात ठेवू नये.

कोठारात जाकिटे किती आहेत, एवढीच नोंद पुरेशी नाही. ती कोणत्या स्तराची आहेत, पाट्या जागेवर आहेत काय आणि वेष्टन शाबूत आहे काय, याचीही नोंद हवी. कापडाचे थर आपले काम चोख करतात. मात्र ते ज्या गोळीसाठी बनविले आहेत तिच्यापुढेच, आणि त्यांची निगा राखली तरच.