लघुप्रतिकृतींसाठी पहिला एअरब्रश

पेणच्या गणेशमूर्तिशाळांत अंगाचा रंग फवारणीने चढतो. डोळ्यांची आखणी मात्र कुंचल्यानेच होते. एअरब्रश कुंचल्याची जागा घेत नाही, तो पातळ व एकसारखा थर देतो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन केलेल्या सोपाऱ्याच्या स्तूपाची प्रतिकृती रंगवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम दुहेरी क्रियेचा, वरच्या बाजूस रंगाची वाटी असलेला, ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश निवडावा. त्याचा खटका दाबल्यास हवा व मागे ओढल्यास रंग येतो. याहून बारीक नोझल लवकर तुंबते. कॉम्प्रेसरला हवेची टाकी असावी, म्हणजे दाब स्थिर राहतो. रंग दुधाइतका पातळ करावा. रंगाचे सूक्ष्म कण फुप्फुसांत जाऊ नयेत म्हणून मास्क लावावा. प्रत्येक वापरानंतर सुई व नोझल धुवावे. साधनाचे आयुष्य किमतीपेक्षा या सवयीवर अधिक अवलंबून असते.