पार्टी उद्या, लझानिया आजच!

वीस जणांचा ग्रुप घरी येणार. तुम्ही हौसेनं सांगून टाकलंत, ‘बाहेरून काही मागवायचं नाही, जेवण माझ्याकडे!’ मग काय होतं, माहितीये ना? बाहेर गप्पा रंगतात, कुणी गिटार काढतं आणि तुम्ही आत गॅससमोर घाम पुसत पास्ता परतत बसता. मधूनच कुणीतरी डोकावतं, ‘काही मदत हवीये का?’ विचारतं आणि उत्तराआधीच गायब होतं. शेवटी तुम्ही ताट घेऊन बाहेर येता, तेव्हा निम्मे जण निघायच्या तयारीत असतात.

सणावाराला घरी आईचंही हेच होतं. गरम पोळी सगळ्यांच्या पानात, ती मात्र शेवटी, गार जेवणावर.

म्हणून यावेळी लझानिया करून बघा. आदल्या दिवशी करून ठेवला तर तो बिघडत नाही, उलट छान मुरतो, आपल्या मटकीच्या उसळीसारखा. इटलीत बोलोन्याचा लझानिया प्रसिद्ध. पालक घातलेल्या हिरव्या पट्ट्या, मंद आचेवर तासन्तास शिजलेला खिम्याचा सॉस, मैदा-लोणी-दुधाचा पांढरा सॉस आणि वर पार्मेजान चीज. असं सावकाशीचं काम पाहुणे दारात असताना होणारच नाही, ते आधीच उरकायचं. खिमा नको असेल तर मशरूम, पालक, ढोबळी मिरची चालेल.

वीस जणांसाठी नऊ बाय तेरा इंचांचे दोन ट्रे लागतात. एका ट्रेत दहा-बारा तुकडे होतात. पण ट्रे विकत घेण्याआधी तुमचा ओटीजी आतून मोजा. ट्रे बाहेर आणि पाहुणे घरात, अशी फजिती नको! एका ट्रेला दीड किलो टोमॅटोंचा लाल सॉस आणि पाऊण लिटर दूध, ६० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम मैद्याचा पांढरा सॉस धरा.

खरी गंमत पाण्याची आहे. पालक उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळा, मशरूम पाणी आटेपर्यंत परता. नाहीतर रात्रभरात ट्रेत तळं साचतं. पट्ट्या मात्र न उकडता वापरायच्या असतील (पाकीट नीट वाचा!) तर सॉस जरा सैलसर आणि सढळ हातानं घाला, कारण त्या फुगताना पाणी पितात.

आता थर. ट्रेच्या तळाला आधी थोडा सॉस, म्हणजे पट्ट्या चिकटत नाहीत. मग पट्ट्या, लाल सॉस, भाज्या, पांढरा सॉस. असे तीन-चार थर लावा. सगळ्यात वरची पट्टी कडेपर्यंत पांढऱ्या सॉसनं झाका. उघडा राहिलेला कोपरा पापडासारखा कडक होतो. वर चीज किसा, झाका आणि ट्रे फ्रिजमध्ये ठेवून निवांत झोपा.

दुसऱ्या दिवशी ट्रे अर्धा तास आधी बाहेर काढा. १८० डिग्रीवर फॉइल लावून ४०-४५ मिनिटं, मग फॉइल काढून १०-१५ मिनिटं भाजा. मधोमध सुरी खुपसून दहा सेकंदांनी काढा. पातं चांगलं गरम लागलं तर झालं. लगेच कापू नका. पंधरा मिनिटं थांबलात तर थर घसरत नाहीत.

हे विसरू नका

• सॉस गार करूनच थर लावा, पण ओट्यावर दोन तासांहून जास्त ठेवू नका.

• न भाजलेला लझानिया फ्रिजमध्ये दोन दिवसांपर्यंतच ठेवा.

• टोमॅटोच्या आंबटपणानं फॉइल खराब होतं. मध्ये बटर पेपर घाला.

• काचेचा थंडगार ट्रे तापलेल्या ओव्हनमध्ये घातला तर तडकू शकतो.

• ओटीजीत एकच ट्रे मावतो? मग पहिला तासभर आधी लावा. झाकून ठेवला की गरम राहतो.

पाहुणे येतील तेव्हा ओटा स्वच्छ असेल आणि तुम्ही पहिल्या पंगतीला बसलेले असाल. हे जमलं की एका रविवारी घरीही करा आणि आईला सांगा, ‘स्वयंपाक कालच झालाय, आज तू आधी बस.’