आधी निखारा, मग पाककृती

अमेरिकेत मे महिन्याचा शेवटचा सोमवार, म्हणजे ‘मेमोरियल डे’ आला की परसदारी ठेवलेल्या ग्रिलवरची आच्छादने निघतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या ‘लेबर डे’पर्यंत निखाऱ्यावर भाजून खाण्याचा हा हंगाम चालतो. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यात हौसेने सामील होतात. जाळीवर मांसाच्या तुकड्यांशेजारी पनीर आणि मक्याची कणसे दिसू लागतात. आपल्याकडेही मोकळ्या गच्चीवर किंवा शेतघराच्या अंगणात शेगडी मांडून असा बेत करणाऱ्यांची संख्या कमी नाही आणि त्यांच्यापैकी अनेकांचा पहिला गुरू एखादे अमेरिकी पाकपुस्तकच असते.

मात्र त्यातील देखणी छायाचित्रे पाहून थेट पाककृतीच्या पानाकडे वळणाऱ्या नवशिक्याच्या वाट्याला बहुधा एकच अनुभव येतो. कोंबडीची तंगडी बाहेरून कोळशासारखी काळी होते आणि हाडाजवळ कच्ची राहते. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’सारख्या पुस्तकातील वाटी-चमच्याची मापे स्वयंपाकघरात उपयोगी पडतात, कारण तेथे गॅसची आच बटणाने हवी तशी ठेवता येते. उघड्यावरचा विस्तव वाऱ्याबरोबर आणि कोळशाबरोबर बदलतो. म्हणून ग्रिलिंगचे पुस्तक वाचताना पाककृतींच्या आधीची, विस्तवाविषयीची प्रकरणे प्रथम वाचावीत. वाचक नेमकी तीच पाने उलटून पुढे जातो.

पुस्तकांची परंपरा

या विषयाला अमेरिकेत मोठी परंपरा आहे. प्रसिद्ध पाकतज्ज्ञ जेम्स बिअर्ड यांचे ‘कुक इट आउटडोअर्स’ १९४१ साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी, १९२० च्या दशकात, हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांपासून कोळशाच्या एकसारख्या वड्या बनवून विकण्यास सुरुवात केली होती. १९५२ मध्ये शिकागोतील वेबर ब्रदर्स या धातुकामाच्या कारखान्यातील जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाच्या गोलाकार भागांपासून झाकणाची शेगडी तयार केली आणि परसदारच्या भाजण्याला आजचे रूप आले.

पुढच्या काळात स्टीव्हन रेचलन यांनी देशोदेशी फिरून ‘द बार्बेक्यू बायबल’ (१९९८) लिहिले. त्यात भारतीय तंदुरी पदार्थांनाही स्थान आहे. त्यांच्याच ‘हाऊ टू ग्रिल’ (२००१) या पुस्तकात प्रत्येक कृती टप्प्याटप्प्याच्या छायाचित्रांनी समजावली आहे. नवशिक्याने पहिले पुस्तक निवडायचे तर अशा धर्तीचे निवडावे. २०१६ मध्ये आलेल्या ‘मीटहेड’ या पुस्तकाने भाजण्यामागील विज्ञान सांगून कित्येक रूढ समजुती तपासून पाहिल्या. काही पुस्तके पाककृती देतात आणि काही कारणे देतात. संग्रहात दोन्ही प्रकार असावेत. शिकण्यासाठी दुसऱ्या प्रकाराचा उपयोग अधिक होतो.

विस्तवाचे दोन भाग

या पुस्तकांतून शिकण्याजोगा सर्वांत मोलाचा धडा म्हणजे जाळीखाली विस्तवाचे दोन भाग करणे. सर्व निखारे एका बाजूला ओढावेत आणि दुसरी बाजू रिकामी ठेवावी. निखाऱ्यांच्या थेट वर पदार्थाला प्रखर धग मिळते. रिकाम्या बाजूला ठेवून झाकण लावले की हाच पदार्थ भट्टीत ठेवल्याप्रमाणे सर्व बाजूंनी सावकाश शिजतो. साधारण वीस मिनिटांच्या आत होणारे पदार्थ, म्हणजे भाज्यांच्या चकत्या, कोळंबी, पनीर किंवा माशाचे पातळ तुकडे, थेट आचेवर भाजावेत. हाडासकट तंगडी किंवा अख्खी कोंबडी आधी रिकाम्या बाजूला शिजवून शेवटी निखाऱ्यांवर आणावी. चरबी ठिबकून ज्वाळा उठल्या तर पदार्थ हलवायलाही ही बाजू उपयोगी पडते.

हे तत्त्व मराठी माणसाला अनोळखी नाही. भरताचे वांगे थेट विस्तवावर भाजले जाते. रायगड जिल्ह्यातील पोपटीत मात्र वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भरून भोवती जाळ केला जातो. शेंगांना ज्वाळेचा स्पर्शही होत नाही. पहिली थेट आच, दुसरी आडून लागणारी. अमेरिकी पुस्तकातील झाकण पोपटीच्या मडक्याचेच काम करते.

झाकणाला आणि तळाला असलेली छिद्रे म्हणजे या शेगडीची बटणे होत. छिद्रे उघडली की हवा मिळून निखारे फुलतात आणि ती आवळली की मंदावतात. झाकण उघडून सारखे आत डोकावल्यास साठलेली उष्णता निघून जाते आणि निखाऱ्यांना अधिक हवा मिळून ते भडकतात.

घड्याळापेक्षा खूण

पुस्तकात दिलेल्या वेळा हा केवळ अंदाज असतो. तेथील वेळा बहुधा एकसारख्या वड्यांच्या कोळशावर किंवा गॅसच्या ग्रिलवर ठरवलेल्या असतात. आपल्याकडील लोणारी कोळशाचे तुकडे लहानमोठे असतात; ते लवकर फुलतात, प्रखर धग देतात आणि लवकर विझतात. त्यामुळे ‘अमुक इतक्या वड्या घ्या’ ही सूचना येथे लागू पडत नाही. (दगडी कोळसा या कामासाठी कधीही वापरू नये.)

मग अंदाज कसा घ्यावा? निखाऱ्यांवर राखेचा पातळ पापुद्रा धरेपर्यंत थांबावे. त्यानंतर जाळीपासून वीतभर उंचीहून किंचित कमी अंतरावर तळहात धरावा. दोन ते चार सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच प्रखर, पाच ते सात सेकंद धरता आला तर मध्यम आणि आठ ते दहा सेकंद टिकला तर मंद समजावी.

पदार्थ आतून शिजला की नाही, हे सांगणारे खात्रीचे साधन म्हणजे टोकदार सळईचा तापमापक. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या निकषांनुसार कोंबडीच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंश सेल्सिअस, खिम्याच्या पदार्थांचे ७१ अंश, तर अख्ख्या मांसखंडाचे ६३ अंश झाले पाहिजे. मांसखंड खाली उतरवल्यावर तीन मिनिटे तसाच राहू द्यावा. सळई हाडाला टेकू देऊ नये, आकडा चुकतो.

चव कोठून येते?

प्रखर आचेने मांसाची छिद्रे बंद होऊन रस आत कोंडला जातो, ही समजूत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या १८४७ च्या लेखनापासून रूढ आहे. हॅरॉल्ड मॅक्गी यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात ती चुकीची असल्याचे दाखवून दिले. प्रखर आचेचा लाभ निराळा आहे. सुमारे १४० अंशांपुढे प्रथिने आणि शर्करा यांच्यातील अभिक्रिया वेगाने होऊन तपकिरी रंग आणि शेकडो सुगंधी द्रव्ये तयार होतात. फ्रेंच संशोधक मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. मराठीतील ‘खरपूस’ या एका शब्दात तिचा सारा परिणाम सामावला आहे. ओल्या पृष्ठभागावर ती होत नाही, म्हणून जाळीवर ठेवण्यापूर्वी पदार्थ टिपून कोरडा करावा.

मुरवणाचा मसाला बव्हंशी वरच्या थरातच राहतो. खोलवर पोहोचते ते मीठ. म्हणून मीठ काही तास आधी चोळावे. लिंबू किंवा व्हिनेगर फार वेळ ठेवल्यास मांसाचा वरचा भाग पिठूळ होतो. साखर, मध किंवा गूळ असलेले सॉस शेवटच्या काही मिनिटांतच लावावे, अन्यथा ते जळून कडू होते.

परक्या मापांचा फेर

अमेरिकी पुस्तकातील ३५० अंश म्हणजे फॅरनहाइट, अर्थात आपले सुमारे १७७ अंश सेल्सिअस. त्यांचा कप सुमारे २४० मिलिलिटरचा आणि पौंड ४५४ ग्रॅमचा. खरी गफलत मिठात होते. तेथील पुस्तके अनेकदा जाड ‘कोशर’ मीठ गृहीत धरतात. त्याच्या काही प्रकारांचे चमचाभर वजन आपल्या बारीक मिठाच्या निम्मेच भरते. तेच माप बारीक मिठाने भरल्यास पदार्थ खारट होणारच. तेथील कृतींत कोंबडी बरेचदा कातडीसह असते. आपल्याकडे ती सहसा कातडी काढून मिळते आणि लवकर कोरडी पडते. तिला तेलाचा हात लावून मध्यम आचेवर भाजणे श्रेयस्कर.

सावधगिरी

जळत्या कोळशातून रंगहीन, गंधहीन कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्यामुळे खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवणे प्राणघातक ठरू शकते. विस्तवावर रॉकेल ओतू नये. पदार्थाला वास लागतो आणि भडका उडतो. कच्चे मांस ज्या ताटात आणले, त्यात शिजलेले काढू नये. मांस फार करपल्यावर आणि चरबीच्या धुरात तयार होणारी काही रसायने प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये कर्करोगकारक ठरली आहेत. तुकडे वारंवार उलटणे आणि काळा झालेला भाग काढून टाकणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

शिकण्याचा क्रमही पुस्तकाच्या अनुक्रमणिकेप्रमाणे नसावा. प्रथम कणीस, वांगे, ढोबळी मिरची यांवर हात बसवावा. ती थोडी करपली वा कच्ची राहिली तरी बिघडत नाही. नंतर पनीर आणि मासळी, आणि हाडासकट कोंबडी सर्वांत शेवटी. प्रत्येक वेळी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने कोळसा किती लागला, वारा कसा होता, प्रत्यक्षात किती वेळ लागला, हे टिपून ठेवावे. एका हंगामात अशा नोंदी साठल्या की छापील वेळांची जागा आपल्या शेगडीच्या, आपल्या कोळशाच्या वेळा घेतात आणि परक्या देशात लिहिलेले पुस्तक आपल्या गच्चीवर उपयोगी पडू लागते.