वर्गणी आपोआप, पण हंगामाच्या हिशेबाने

गोडी छाटणी सुरू झाली की निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या पट्ट्यात द्राक्ष सल्लागारांना उसंत नसते. पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंत डावणी आणि भुरी हे रोग डोक्यावर बसलेले असतात. रात्री पाऊस झाला, तर सकाळी ब्लोअर जोडण्याआधी काय फवारायचं ते कळायला हवं. एकरी फी घेऊन बागेत येणारे सल्लागार आजही आहेत, पण रोजचं बोलणं मोबाइलवरच्या खासगी ग्रुपवर गेलं आहे, आणि त्यासाठी वर्गणी घेतली जाते. ती घ्यावीच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा काय फवारू नये हे वेळेत सांगणारा माणूस किती मोलाचा असतो, ते नाशिक जिल्ह्याने पाहिलं.

घोडं अडतं ते वसुलीपाशी. सभासद यूपीआयने पैसे टाकतो आणि स्क्रीनशॉट पाठवतो. पैसे आलेले असतात मुलाच्या किंवा पुतण्याच्या खात्यातून, ग्रुपमध्ये नंबर वडिलांचा. स्क्रीनशॉट खोटाही बनवता येतो. कोणाची मुदत संपली हे वहीत शोधायचं आणि ओळखीच्या माणसाला फोन करून पैसे मागायचे, यात सल्लागाराची संध्याकाळ जाते. ती त्याने बागेत घालवायला हवी.

हे काम यंत्रावर सोपवता येतं. टेलिग्रामने २०१५ पासून बॉट, म्हणजे ठरवून दिलेली कामं आपोआप करणारी खाती, चालवू दिली आहेत. बॉटला ग्रुपचा अ‍ॅडमिन करायचं. सभासद बॉटला संदेश पाठवतो, बॉट त्याला फक्त त्याच्यासाठी बनवलेली पैसे भरण्याची लिंक देतो. त्या लिंकमागे सभासदाचा टेलिग्राम क्रमांक नोंदलेला असतो, त्यामुळे पैसे कोणत्याही खात्यातून आले तरी जमा त्याच्याच नावावर होतात. पैसे पोचले की पेमेंट कंपनीचा सर्व्हर तसा निरोप बॉटच्या सर्व्हरला देतो. या निरोपावर गुप्त किल्लीने केलेली खूण असते आणि ती तपासल्याशिवाय दार उघडायचं नाही. हे वगळलं तर खोट्या स्क्रीनशॉटच्या जागी खोटा निरोप येईल. खूण जुळली की बॉट एकाच माणसाला वापरता येईल अशी प्रवेशाची लिंक पाठवतो. एकदा वापरल्यावर ती पुढे पाठवून उपयोग नसतो. मुदत संपल्यावर सभासदाला बाहेर काढण्याचं कामही बॉटच करतो.

आपले बहुतेक शेतकरी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. तिथल्या साध्या ग्रुपला १,०२४ सभासदांची मर्यादा आहे आणि असा बॉट बसवायची अधिकृत सोय नाही. बाहेरचं सॉफ्टवेअर जोडून देणारे भेटतात, पण त्यात नंबरच बंद पडण्याचा धोका असतो. ऐन हंगामात सल्लागाराचा नंबर बंद पडला तर नुकसान सगळ्यांचं.

दर वेळी लिंक पाठवायची नसेल, तर २०२० मध्ये सुरू झालेलं यूपीआय ऑटोपे आहे. सभासद एकदा पिन टाकून मंजुरी देतो; पुढची वर्गणी १५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय कापली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना जायला हवी, आणि सभासदाला आपल्या यूपीआय अ‍ॅपमधून मंजुरी केव्हाही रद्द करता येते. सल्लागाराने हे पहिल्याच दिवशी मराठीत सांगावं. पैसे कसे थांबवायचे हे माहीत असलेला माणूस मंजुरी देताना कचरत नाही.

माझा खरा आग्रह पुढे आहे. तयार सॉफ्टवेअर बहुधा महिन्याची वर्गणी गृहीत धरतं, आणि महिन्याचा हिशेब पगारदाराचा. बागाईतदाराच्या हातात पैसा येतो तो माल गेल्यावर, साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्याचा निव्वळ खर्चाचा काळ: मजुरी, औषधं, डिपिंग, थिनिंग. नेमक्या तेव्हा खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता फसतो, आणि अवकाळी पाऊस येऊन डावणी घडांवर उतरते त्याच आठवड्यात बॉट त्याला ग्रुपबाहेर काढतो. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाने १८४० पासून वाचक सांभाळले आहेत. वर्गणी थकलेल्या वाचकाला पुस्तक आठवडाभर उशिरा मिळालं तर काही बिघडत नाही. फवारणीचा सल्ला दोन दिवस उशिरा मिळाला तर वर्षाचं पीक जातं.

ऑटोपेमध्ये वार्षिक मंजुरीही घेता येते. ती घ्यावी आणि कापण्याची तारीख माल निघण्याच्या सुमाराला ठेवावी. नवा सभासद असेल तर छाटणीला थोडी रक्कम, उरलेली मालाच्या पैशांवर. हप्ता फसला की बॉटने त्याला लगेच काढू नये. आठवण द्यावी, यादी सल्लागारापुढे ठेवावी आणि काढायचं की थांबायचं ते त्याने ठरवावं. छाटणीपासून माल निघेपर्यंत काढण्याचं काम बॉटकडे नकोच.

गारपिटीचंही आधीच ठरवून ठेवावं. बाग झोपली, तर त्या सभासदाची पुढची कपात सल्लागाराने आपल्या बाजूने रद्द करावी, आणि छाटणीला घेतलेली रक्कम पुढच्या हंगामात वळती करावी. बॉट बनवून घेताना एवढी दोन बटणं मागून घेतली, तर हे त्याच दिवशी होऊन जातं.